पाठीमागची जागा

शर्ट-कोटांच्या कारखान्यात तिला सगळे काजेवाली म्हणत. शर्टांचे काजे मशीनवर व्हायचे, पण भारी कोटांचे अजून हातानं होत, आणि ते तिच्याच हातचे. बटणाला राहायला घर लागतं, ते मी बांधून देते, असं ती हसत सांगायची. काम बोटांचं आणि डोळ्यांचं, तोंड मोकळं. म्हणून तोंडात कायम काहीतरी गुणगुण. जुळलं तर जुळलं, नाही जुळलं तर सुई पुढे.

काज्याला बटण, बटणाला दोरा,
मागं उभी मी गं, पुढं माझा हिरा.

हिरा म्हणजे तिचा लेक. कागदाच्या गोदामात नोकरी करायचा आणि उरलेला सगळा जीव धनुष्यात ठेवायचा. सुटीच्या दिवशी पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर तिरंदाजांची रांग लागे. लेकाची जागा अगदी उजव्या टोकाची. तिरंदाज उभा राहतो तो आडवा; खांदा निशाणाकडे, छाती एका बाजूला, पाठ दुसऱ्या बाजूला. त्याच्या पाठीच्या बाजूला, रेघेपासून जरा मागे, काजेवाली उभी असायची. गळ्यात कॅमेरा.

कॅमेरा अंगानं भरलेला, काळा, हातात धरला की शेजारणीचं बाळ धरल्यासारखं वाटावं असा. भिंग त्याला जन्माचं चिकटलेलं. काढता येत नाही, बदलता येत नाही. पण बटण सरकवलं की ते भिंग गोगलगायीच्या मानेसारखं पुढे पुढे येत राही, आणि मैदानाच्या पार टोकाला असलेलं रंगीत निशाण सरळ नाकापाशी. नवऱ्यानं तो घेतला होता पाखरं बघायला. पाखरांचा नाद महिनाभरात विरला, कॅमेरा कपाटात पडला, आणि तिथून काजेवालीनं तो मैदानावर आणला.

कारण इतक्या लांबून तिरंदाजाला आपला बाण कुठे रुतला ते दिसत नाही. बाकीच्यांनी तिवईवर दुर्बिणी मांडलेल्या असत. लेकानं दुर्बीण कधी घेतलीच नाही. बाण सुटला की तो मान वळवायचा, पाठीमागे आईकडे बघायचा, आणि आई सांगायची, "चार वाजता, लाल." निशाण म्हणजे घड्याळ समजायचं. मधोमध पिवळा, त्याभोवती लाल, मग निळा, काळा, कडेला पांढरा. "चार वाजता, लाल" म्हटलं की लेकाला कळे, बाण उजवीकडे जरा खाली गेलाय. धनुष्यावर नेम धरायची बारीक टिकली असते, तिला सगळे साइट म्हणतात. ती तो केसभर सरकवायचा आणि पुढचा बाण लावायचा. असं कितीतरी वर्षं. लेक स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा त्याआधी त्याचा बाण तिला दिसलेला असायचा. जगात हे सुख तिच्या एकटीचं होतं, आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं.

मग लग्न झालं आणि सून आली.

सून हाडांच्या दवाखान्यात नोकरीला. कुणाचा खांदा आखडला, कुणाचा गुडघा वाकेना, त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायचा, हे तिचं काम. गोड बोलायची, पटपट चालायची, आणि माणसाकडे बघताना आधी त्याच्या सांध्यांकडे बघायची. पगार वाढला तसा तिनं एक कॅमेरा आणला आणि जेवणाच्या टेबलावर खोकं उघडलं.

"आई, बघा ना, हे निघतं." तिनं भिंग पिळलं आणि कट् करून वेगळं काढलं.

"अगं बाई! मोडलंस की काय?"

"नाही हो, काढायचंच असतं. हे जवळचं. लांबचं वेगळं मिळतं, ते लावायचं."

"मग लांबचं कुठंय?"

"ते नाही घेतलं अजून. ते कॅमेऱ्याहून महाग."

"म्हणजे यातून लांबचं दिसत नाही."

"नाही दिसत."

"असू दे गं," काजेवाली म्हणाली, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

काजेवालीचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर खाली-वर करून आलेला माणूस, पण घरात त्याची जीभ कधी मजल्यावर अडकली नाही. तो म्हणाला, "हिचा कॅमेरा माझ्यासारखा आहे. एकदा जे चिकटलं ते चिकटलं, बदलायची सोय नाही. सूनबाईच्या कॅमेऱ्यात मात्र सोय दिसते. सांभाळून राहा रे बाबा!"

"बाबा, काहीतरीच काय," लेक म्हणाला, पण हसला. सूनही हसली. काजेवाली हसली ती शेवटी.

मग दोन्ही कॅमेऱ्यांची परीक्षा झाली. नवऱ्याला दिव्याखाली खुर्चीत बसवलं आणि दोघींनी त्याचा एकेक फोटो काढला. काजेवालीच्या फोटोत त्याच्या तोंडावर रवा सांडल्यासारखे दाणे दाणे. सुनेच्या फोटोत एकेक पापणी वेगळी, गालावरची दाढीची खुंटं वेगळी, आणि पाठीमागचं कपाट दुधात भिजल्यासारखं विरघळलेलं.

"कपाट कुठं गेलं?"

"पुसट झालं. बघणाऱ्याचं लक्ष तोंडावर राहावं म्हणून." सुनेनं समजावलं. "आत एक पडदा असतो ना, उजेड पकडणारा, तो यात मोठा आहे. संध्याकाळचासुद्धा उजेड तो पिऊन घेतो. तुमच्यातला असेल नखाएवढा."

काजेवालीनं आपल्या करंगळीच्या नखाकडे बघितलं. "एवढ्याशा नखातून मला पलीकडच्या इमारतीवरची कबुतरं दिसतात, हे विसरू नको."

"दिसतात ना! चंद्रावरचे खड्डेपण दिसतील."

"दिसतात. आणि चंद्र काही माझ्या तोंडावर रवा का सांडला म्हणून विचारत नाही."

नवरा खुर्चीतून म्हणाला, "मी तरी कुठं विचारलं? मला तर रव्यातच बरा दिसतोय मी. वय कळत नाही."

पुढच्या सुटीला सून मैदानावर आली. लांबचं दिसत नाही म्हणून ती लेकाच्या जवळ उभी राहिली, आणि तोंड दिसावं म्हणून छातीच्या बाजूला. रांगेचं टोक होतं, त्या बाजूला दुसरं कुणी नव्हतं. असा देखावा झाला: मधे धनुष्य ताणलेला लेक, त्याच्या पाठीशी आई, छातीशी बायको. काजेवालीला लेकाची मान दिसत होती, कानामागचा तीळ, शर्टाची शिवण. सुनेला सगळं बाकीचं.

खट्, सुनेचा कॅमेरा वाजला. काजेवालीचा मुका होता, कधी ब्र काढत नसे. हा दर वेळी बोलायचा. लेकाचा नेम चळेल असं काजेवालीला वाटलं. चळला नाही. वाटलं, तो म्हणेल, जरा बाजूला हो. म्हणाला नाही. लहानपणी धनुष्य ताणताना कुणी शिंकलं तरी चिडणारा हा पोरगा, आणि आता कानाशी खट् खट् चाललंय तर मजेत.

घरी आल्यावर लेक आणि सून कॉम्प्युटरपुढे बसली. एरवी लेक आईशेजारी बसायचा. निशाणाचे फोटो बघत, कुठला बाण कुठे गेला ते दोघं मिळून लावत.

"थांब, मागं जा," तो बायकोला म्हणत होता. "हे बघ, इथं दोरी हनुवटीला टेकली आहे. आणि इथं... टेकलेलीच नाही!"

"आणि जबडा बघ. सोडायच्या आधी दात आवळतोस. आमच्याकडे पेशंट आवळतात तसे."

"अरेच्चा! आई, ये ना, बघ, मी कसला दिसतो."

काजेवाली आली. पडद्यावर तिच्या लेकाचं तोंड एवढं मोठं. डोळा मिटायच्या बेतात, नाकपुडी फुगलेली, ओठाच्या कोपऱ्यात लहानपणी पायऱ्यांवरून पडला तेव्हाची खूण. त्या तोंडाचा एकूण एक कोपरा तिनं धुतला होता. पण नेम धरताना ते असं होतं, हे तिनं आज बघितलं, आणि तेसुद्धा दुसरीच्या भिंगातून.

"छान आलाय," ती म्हणाली. "भाजी लागेल खाली," असंही म्हणाली. गॅसवर काहीच नव्हतं.

लेक आरशासमोर उभं राहून दोरी हनुवटीला टेकवायचा सराव करू लागला. त्याचे बाण सुधारले. सुधारले म्हणजे किती, तर पूर्वी निशाणावर पांगलेले असायचे, आता पिवळ्यात दाटीनं बसू लागले, शाळेच्या बाकावरच्या पोरांसारखे. आणि हे सगळ्यांत आधी कुणाला दिसलं? काजेवालीलाच. सुनेच्या कॅमेऱ्यानं झालेलं भलं तिला आपल्या कॅमेऱ्यातून बघावं लागत होतं.

एकदा न राहवून तिनं विचारलं, "माझे फोटो हल्ली बघत नाहीस?"

तो जोडे पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "आई, बाण कुठं लागला ते निशाणापाशी गेलं की कळतंच. तो तिथं का लागला, ते हिच्या फोटोत कळतं."

मनात काही नव्हतं त्याच्या. बोलून तो दुसरा जोडा पुसायला लागला. पण त्या दिवशी कारखान्यात काजेवालीनं घट्ट टाके घातले, इतके घट्ट की कोटाचं बटण काज्यातून जाईना, आणि तपासणाऱ्या बाईनं कोट परत पाठवला. "आज काय, बटणावर राग आहे का?" बाईनं विचारलं. काजेवाली काज्याचे टाके उसवत बसली.

लांबचं आणतं जवळ, भिंग माझं जुनं,
जवळ जी उभी तिला काय गं उणं?

अशात निवड सामना लागला. त्यात चांगला ठरला तर लेक मोठ्या संघात जाणार होता. मैदानाला दोरी बांधणार, प्रेक्षक दोरीबाहेर, लांब पायऱ्यांवर. दोरीच्या आत प्रत्येक तिरंदाजासोबत एकच माणूस. तिरंदाजी क्लबच्या चिटणिसानं त्याचा पास दिला, हिरव्या रंगाचा, गळ्यात घालायच्या फितीसकट.

"एकच?" काजेवालीनं विचारलं.

"एकच." लेकानं पास फ्रिजवर चुंबकाखाली लावला. "आधी सराव सामना होऊ दे. मग ठरवू."

ठरवू! आजवर यात ठरवायचं असं काही नव्हतं. दर सामन्याला तो फक्त 'आई, चल' म्हणायचा. आता फ्रिजवर तो हिरवा पास, आणि पाणी प्यायला येणारा प्रत्येक जण त्याच्यासमोरून जाणार. काजेवाली दिवसातून दोनदा फ्रिज पुसू लागली.

"अगं, झिजेल तो," नवरा म्हणाला. "आतला बर्फ बाहेरून दिसायला लागेल."

"तुम्हाला काय जातंय?"

"मला काय जायचंय! दोरीबाहेर पायऱ्यांवर बसून मी डबा खाणार. ती जागा माझी, कुणी मागत नाही."

सराव सामन्याच्या दिवशी हवा पडलेली होती, ऊन स्वच्छ. लेकाचे बाण चांगले जात होते. "बारा वाजता, पिवळा." "दोन वाजता, पिवळा." काजेवालीचा आवाज खणखणीत होता. तो मान वळवायचा, ती सांगायची, तो मान हलवायचा. तिला वाटलं, झालं, पास माझाच.

बाण काढून आल्यावर लेकानं नव्या फेरीचा पहिला बाण लावला, धनुष्य उचललं, आणि उचलता उचलता तो हसला. समोर बघून हसला. समोर सून होती.

काजेवालीचा कॅमेरा निशाणावरून निघाला तो थेट सुनेकडे. एवढ्या जवळ आधी नुसता एक काळा डाग. तिनं भिंग मागे घेतलं, आणि सुनेचं तोंड आलं. डोळ्याला कॅमेरा, कपाळाला घामानं चिकटलेली बट, आणि कॅमेऱ्याखाली ओठ हलत होते. आवाज न करता ती लेकाला काहीतरी सांगत होती. एकच शब्द, पुन्हा पुन्हा. काय? नाव? लाडाचं काही? सगळ्या मैदानासमोर, माझ्यासमोर?

दोरी वाजली. बाण गेला होता.

तिनं घाईनं कॅमेरा वळवला, भिंग पुढे ढकललं, रंगीत वर्तुळं नाकापाशी आली. निळ्यात, डावीकडे, एकटाच बाण.

"नऊ वाजता, निळा."

लेकाची मान वळलेलीच होती. "निळा?"

"निळा म्हणते ना!"

त्याला नवल वाटलं, पण आईचा शब्द. त्यानं साइट डावीकडे सरकवली, चांगली भरपूर, आणि पुढचा बाण सोडला.

या वेळी काजेवालीनं बाणाची वाट धरून बघितलं. बाण उजवीकडे जाऊन काळ्यात रुतला. आणि त्याच निशाणावर, पिवळ्यात, मघाचा बाण शांत बसलेला होता. केशरी पिसांचा. लेकाचे सगळे बाण केशरी पिसांचे. तिनं कॅमेरा जरासा डावीकडे नेला. शेजारच्याच्या निशाणावर, निळ्यात, पांढऱ्या पिसांचा एकटा बाण.

परक्याच्या दारात जाऊन तिनं आपल्या पोराची चौकशी केली होती.

"आई? कुठं लागला?"

"तीन वाजता," ती म्हणाली. "काळा."

पुढे तो सावरला, पण मन लागलं नाही. बाण काढायला निशाणापाशी जाऊन आला तेव्हा त्याला सगळं दिसलेलं होतं. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं तिच्या गळ्यातला कॅमेरा काढून स्वतःच्या गळ्यात घेतला, ओझं उचलावं तसा, आणि म्हणाला, "दमलीस का? दिवसभर काजे करतेस, डोळ्यांवर ताण येतोच. या आठवड्यात डॉक्टरांना दाखवून येऊ. आणि निवड सामन्याला तू पायऱ्यांवर बस निवांत, बाबांशेजारी. ही उभी राहील."

"बरं," काजेवाली म्हणाली.

दुपारी ती स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. सून आली, दार लोटून घेतलं, आणि कॅमेऱ्याच्या पाठीवरचा छोटा पडदा तिच्यापुढे धरला.

फोटोत लेक होता, धनुष्य ताणलेला, ओठाच्या कोपऱ्यातली खूण स्पष्ट. त्याच्या पाठीमागे सगळं दुधात विरघळलेलं. पण त्या दुधात एक आकार कळत होता: हिरवट साडी, वर उचललेले हात, आणि मधोमध मोठा काळा गोल. भिंग. निशाणाकडे नाही, सरळ फोटो काढणारीकडे रोखलेलं.

काजेवालीनं सुरी खाली ठेवली.

"पुसट होतं ना गं तुझ्यात मागचं सगळं?"

"पुसट होतं, आई. नाहीसं होत नाही."

नळ ठिबकत होता. सुनेनं तो घट्ट केला.

"काय सांगत होतीस त्याला?" काजेवालीनं विचारलं. "ओठांनी."

"हनुवटी."

"काय?"

"हनुवटी, हनुवटी, असं. दोरी टेकव म्हणून. तो विसरतो आणि आठवलं की त्याला हसू येतं."

"हनुवटीपायी मी बाण घालवला?"

"तुम्हाला काय वाटलं?"

काजेवालीनं चिरलेला कांदा बाजूला सारला. कांद्यानं डोळ्यांत पाणी होतंच, त्याची सोय झाली.

सुनेनं पडद्यावर बोट फिरवलं. फोटो भराभर सरकले. "हे बघा. हे सगळे बाण सुटल्यानंतरचे." लेकाचं डोकं मागून. पुन्हा मागून. कान, मानेचा मागचा भाग, केसांचा भोवरा. एकाही फोटोत तोंड नाही. "बाण सुटेपर्यंत तो माझा. सुटला की तुमच्याकडे वळतो. मी इतकी जवळ उभी, आणि मला मिळतं काय, तर भोवरा. कितीदा वाटलं, त्या बाजूला जाऊन उभं राहावं आणि ओरडून सांगावं, चार वाजता, लाल. मला येत नाही म्हणून गप्प आहे."

काजेवालीनं ते फोटो पुन्हा एकदा मागे घेऊन बघितले, सावकाश. भोवऱ्यानंतर भोवरा. तिला वाईट वाटायला हवं होतं. पोटात कुठंतरी गूळ विरघळल्यासारखं झालं.

"आता येईल तुला," ती म्हणाली. "पास मिळालाच आहे."

"तुमचे डोळे गेले असं त्याला वाटतंय म्हणून मिळाला. असा नको मला. मी त्याला हा फोटो दाखवणार नाही. पण तो तुम्हाला डॉक्टरकडे नेणार, आणि डोळे चांगले निघाले की मग काय सांगणार आहात ते ठरवून ठेवा."

अशी गोड बोलणारी पोरगी, आणि बोलली ते असं. काजेवालीला पहिल्यांदाच ती जरा आवडली.

ती उठली, हात पुसले, आणि सज्जात गेली. लेक बाणांची पिसं तपासत बसला होता. नवरा शेजारी आरामखुर्चीत, तोंडावर वर्तमानपत्र.

"माझे डोळे शाबूत आहेत," ती म्हणाली.

"आई, मी काही तसं म्हटलं नाही..."

"ऐक. मी तुझ्या निशाणाकडे बघतच नव्हते. हिच्याकडे बघत होते. तू हिच्याकडे बघून हसलास ना, ते मला बघवलं नाही. मग घाईत शेजारच्याचा बाण तुझा म्हणून सांगितला."

लेकाच्या हातातलं पीस तसंच राहिलं. वर्तमानपत्राखालचं घोरणं थांबलं.

"अगं, पण..." लेक म्हणाला. मग बाण खाली ठेवून, हळू, "डोळे गेले असते तर चष्मा केला असता, आई. याला मी काय करू?"

याला काही करता येत नव्हतं. काजेवाली उभी राहिली, उन्हात वाळत घातलेला शर्ट सरळ करत.

"पास हिच्याकडेच राहू दे," लेक म्हणाला. "राग म्हणून नाही. त्या दिवशी एक बाण जरी असा गेला तर..."

"कळतं मला."

"कॅमेरा तुझा लागेल पण. हिच्यातून लांबचं दिसत नाही."

"कळतं म्हटलं ना!"

वर्तमानपत्राखालून आवाज आला, "ये, पायऱ्यांवर जागा आहे. डब्यातलं अर्धं तुझं."

मग तिनं सुनेला शिकवलं. मनापासून शिकवलं, कारण बाण लेकाचा होता. सज्जात उभं करून, पलीकडच्या गच्चीवरच्या कबुतरांवर.

"एकदम आत घुसायचं नाही. आधी सगळी गच्ची बघ. मग आपला कठडा. मग त्यावरचं आपलं कबूतर. हळूहळू जवळ आण. हात थरथरला की भिंत धर."

"उडालं, आई!"

"उडू दे. निशाण उडत नाही."

निवड सामन्याच्या दिवशी ती नवऱ्याशेजारी पायऱ्यांवर बसली. गळ्यात सुनेचा कॅमेरा, बदल्यात मिळालेला, हलका, पोरवयाचा. तिनं तो डोळ्याला लावला. मैदान सगळं आलं त्यात, आभाळासकट. रंगीत निशाणांची ओळ शर्टाच्या बटणांएवढी, आणि तिरंदाज तर टाक्यांएवढे. उजव्या टोकाचा टाका तिचा. तिनं बटण दाबलं. खट्. पडद्यावर फोटो मोठा करून बघितला. मोठा केला तसा लेक चौकोन चौकोन होऊन विस्कटला.

"याच्यातून लांबचं खरंच दिसत नाही हो," ती म्हणाली.

"मग डोळ्यांनी बघ. शाबूत आहेत म्हणालीस ना?"

तिनं डोळ्यांनी बघितलं. बाण सुटला. उजव्या टोकाच्या टाक्यानं मान वळवली. इतक्या लांबून मान काही दिसत नव्हती, पण वळलेली तिला कळली. पाठीमागच्या जागेवर हिरवी फीत घातलेली दुसरी कुणी होती. तिचा हात काळ्या कॅमेऱ्याखाली. ती काहीतरी सांगत होती. वाजले किती, रंग कुठला, पायऱ्यांपर्यंत काही पोचलं नाही. लेकाचा हात साइटकडे गेल्यासारखा वाटला, म्हणजे ऐकलं. पुन्हा बाण. पुन्हा मान. दर वेळी काजेवालीच्या छातीत एक काजा उसवल्यासारखं व्हायचं, आणि दर वेळी ती मनातल्या मनात म्हणायची, बाण चांगला जाऊ दे. दोन्ही खरं होतं.

"गुण चांगले पडतायत," नवरा फलकाकडे बघून म्हणाला. "खा काहीतरी."

"तुम्ही खा."

मध्यंतराची शिट्टी झाली आणि सून दोरीखालून वाकून पळत आली. कठड्यापाशी येऊन धापा टाकत म्हणाली, "आई, मी बरोबर सांगते आहे. घड्याळ बरोबर, रंग बरोबर. तो ऐकतो, पण ऐकून तिथंच थांबतो. अजून काहीतरी येणार आहे असा थांबतो. मग मीच ओशाळते. तुम्ही काय करायचात?"

काजेवालीनं तिच्याकडे बघितलं. कपाळाला बट चिकटलेली, गळ्यात आपला कॅमेरा, त्याचा पट्टा पिळलेला. तिनं कठड्यावरून हात घालून पट्टा सरळ केला.

"तू लगेच सांगतेस का, तो वळल्या वळल्या?"

"हो."

"लगेच नाही सांगायचं. त्याचे खांदे बघ. बाण सोडताना श्वास धरलेला असतो, तो जाऊ दे. खांदे खाली आले की मग सांग. आणि आवाज मोठा नको, तो काही बहिरा नाही."

"खांदे. बरं. खांदे मला कळतात." सुनेच्या तोंडावर उजेड पडला. "आणखी काही?"

काजेवालीचा हात पट्ट्यावरच राहिला. वाजले किती ते सांगून झालं, रंग सांगून झाला, की ती एक शब्द म्हणायची. अगदी ओठांच्या आत, वाऱ्याला ऐकू जाईल न जाईल असा. 'वाटाण्या.' जन्मला तेव्हा एवढासा, गोल, हिरव्या दुपट्यात गुंडाळलेला, म्हणून. आता त्या नावानं कुणासमोर हाक मारलेली त्याला चालत नसे. पण मैदानावर चालायची. तेवढं ऐकायचं आणि मगच तो पुढचा बाण उचलायचा.

"काही नाही," काजेवाली म्हणाली. "जा पळ, शिट्टी होईल."

सून पळाली. पाठमोरी, हिरवी फीत खांद्यावरून उडत, दोरीखालून वाकून आत गेली आणि पाठीमागच्या जागेवर जाऊन उभी राहिली. लेक काहीतरी विचारत होता, ती खांदे हलवून दाखवत होती.

"काय विचारत होती गं?" नवऱ्यानं डब्याचं झाकण लावत विचारलं.

"कसं सांगायचं ते."

"मग सांगितलंस?"

"सांगितलं की," काजेवाली म्हणाली, आणि रेघेकडे बघत राहिली.